न दिसणारं सिमेंट

बाईंचा विषय निघाला की वर्ध्यातली माणसं हळवी होतात. ‘काय हात होता हो बाईचा!’ म्हणतात. कोणी तर भर रस्त्यात ओठ वर करून दात दाखवतं, ‘हा पाहा, बाईनं भरलेला, अजून तसाच आहे.’ मी हळवी होत नाही. मला राग येतो. हात होता, हे नाकारायला मी आंधळी नाही. त्या हाताखालीच मी शिकले. पण नुसत्या हातावरून माणूस मोजायचा म्हटलं तर तोंडाचं काय करायचं, आणि हट्टाचं काय करायचं?

मी दातांची डॉक्टर आहे. डिग्री हातात पडली तेव्हा मला वाटत होतं, आता जग आपल्यापुढे आ करून बसणार. बाईंच्या दवाखान्यात लागले आणि पहिल्याच दिवशी माझाच आ वासला. दवाखाना आर्वी नाक्याजवळ, खाली झेरॉक्सचं दुकान, वर बाई. मी सावंगीत खोली घेऊन राहायची आणि सकाळी स्कूटी हाणत यायची. त्या दिवशी एक गृहस्थ दात साफ करायला आले होते. मी मशीन हातात घेतलं, पायाखाली पेडल दाबलं, पाणी उडायला लागलं, आणि मागून आवाज आला, ‘थांब!’ असा आवाज, की खाली झेरॉक्सवाला पण थांबला असणार.

‘याच्या तोंडात भरलेले दात कोणते?’ बाईंनी विचारलं.

‘एक आहे मॅडम. खालची दाढ. चांदीची.’

‘चांदी तर माझ्या आजीलेही दिसली असती. बाकीचे सांग.’

मी पाहिलं. मला काही दिसेना. बाईंनी मला कोपरानं बाजूला सारलं, दात हवेनं कोरडे केले, चिमट्यात कापसाचं बोंड घेतलं आणि एकेका दातावरून फिरवत गेल्या. एका ठिकाणी कापसाचा तंतू अडकला. मग दुसऱ्या ठिकाणी. तिथे दाताच्या रंगाचं सिमेंट भरलेलं होतं आणि मी त्यावरून मशीन फिरवायला निघाले होते.

‘दात साफ करून राह्यली का वखर फिरवून राह्यली?’ त्या म्हणाल्या. पेशंटसमोर. मी डॉक्टर, अंगात नवा कोरा पांढरा कोट, आणि हातात म्हणे शेतातला वखर. त्या दिवशी मी डबा न खाता घरी गेले.

बाई मूळच्या आष्टीच्या. मुंबईला शिकल्या होत्या, शुद्ध बोलायच्या, पण राग आला की सरळ आष्टीवर यायच्या. आणि राग त्यांना दिवसभर यायचा. त्यामुळे ‘शुद्ध’ तसं कमीच ऐकू यायचं.

आता ही भानगड काय आहे ते एकदा सांगून टाकते, कारण लोकांना ते माहीत नसतं आणि माझ्या धंद्यातल्या अर्ध्या लोकांना माहीत असून करायचं नसतं. दात साफ करायचं जे मशीन आहे, त्याचं टोक इतक्या वेगानं थरथरतं की ती थरथर डोळ्याला दिसत नाही. दातावर साचलेला खडा त्यानं फुटून पडतो. दाताचं वरचं कवच कडक असतं, ते सोसतं. पण दाताच्या रंगाचं भरलेलं असतं ते दातापेक्षा मऊ. टोक उभं धरलं, जोर जास्त ठेवला, तर त्यावर ओरखडे उठतात, कडेचा टवका उडतो, दात आणि सिमेंट जिथे जुळतात तो सांधा उघडतो. ओरखड्यात चहाचा डाग बसतो, मळ बसतो. सांध्यातून कीड आत जाते. पेशंटला त्या दिवशी काहीच कळत नाही. तो गुळगुळीत दातांवरून जीभ फिरवत घरी जातो आणि वर्षभरानं येऊन म्हणतो, सिमेंट खराब निघालं.

मशीन वाईट नाही. हे मी आज शंभरदा सांगते, आणि का सांगते ते पुढे कळेल. मशीनशिवाय हिरड्या वाचत नाहीत. फक्त भरलेल्या जागेजवळ आलं की जोर कमी करायचा, टोक आडवं धरायचं, नाहीतर तेवढं हातानं करायचं, आणि शेवटी पॉलिश करून द्यायचं. अवघड काहीच नाही. पण त्यासाठी भरलेलं दिसावं लागतं. आणि चांगलं भरलेलं दिसत नाही! जितकं काम सुंदर, तितकं ते पुढच्या डॉक्टरच्या हातून मरणार. या एका गोष्टीनं बाईंचं डोकं फिरलं होतं.

म्हणून त्यांनी काय केलं, तर दाढा मुद्दाम एक शेड चुकवून भरायच्या. दातापेक्षा थोडं पांढरं. दाढ कोण पाहतं, पण पुढच्या डॉक्टरला तर दिसेल! डोकं चालवलं होतं, कबूल. पण पेशंटला ते आधी सांगायचं नाही, हा बाईंचा खाक्या. एका वकिलाच्या बायकोनं घरी जाऊन मोबाइलच्या टॉर्चमध्ये दाढ पाहिली आणि संध्याकाळी तणतणत वर आली.

‘बाई, रंग जमला नाही तुम्हाला. नागपूरला जमतो.’

‘नागपूरले कोण पाह्यते तुमच्या दाढेत?’

‘म्हणजे काय? मी पाहते ना!’

‘तुम्ही पाहू नका. तुमच्यासाठी नाहीच केलेला तो रंग.’

आता असं बोलल्यावर कोणती बाई शांत बसेल? ती गेली ती गेलीच, आणि जाताना महिला मंडळातली चार घरं घेऊन गेली. मी म्हटलं, बाई, दोन वाक्यं समजावून सांगितली असती तर तिनं ऐकलं असतं. बाई म्हणाल्या, ‘मी दात भरते, कान भरत नाही.’ घ्या!

पुढच्या दातांना मात्र शेड चुकवून चालत नाही. तिथे बाई असा रंग जुळवायच्या की भरल्यावर आपण कुठे भरलं हे त्यांना स्वतःला शोधावं लागायचं. मग त्यासाठी दुसरा उपाय. वाक्य. पुढचा दात भरला की पेशंटला खुर्चीतून उठू द्यायचं नाही. त्यानं म्हणायचं, ‘माझा वरचा पुढचा दात भरलेला आहे, त्याला मशीन जपून लावा.’ एकदा नाही, पाठ होईपर्यंत. म्हातारेकोतारे, कॉलेजची पोट्टी, एक पोलीस हवालदार, सगळ्यांनी म्हटलं. ‘बाई, शाळा आहे का दवाखाना?’ लोक हसायचे. बाई हसायच्या नाहीत. भाजीबाजारात भेंडी निवडता निवडता समोर पेशंट दिसला की तिथेच, ‘म्हणून दाखव.’ तो बिचारा पिशवी सावरत म्हणायचा. भाजीवाल्यांनाही ते वाक्य पाठ झालं होतं.

मला हे गमतीचं वाटायचं. पुढे नाही वाटलं.

मास्तर आले ते माझ्या पहिल्या उन्हाळ्यात. मास्तर म्हणजे शाळेचे नाहीत, बँडचे. आंजीला राहायचे, क्लॅरनेट वाजवायचे. डीजेनं सगळ्यांचा धंदा खाल्ला तरी वर्ध्याच्या आसपास नवरदेव घोड्यावर बसला की पुढे मास्तरांचं क्लॅरनेट हवं म्हणणारी घरं अजून होती. बँडची गाडी गतिरोधकावर उसळली आणि मागे बसलेले मास्तर खाली तोंडावर पडले. हातात क्लॅरनेट होतं. ते त्यांनी छातीशी धरलं आणि तोंड जाऊ दिलं. वरचे पुढचे दोन दात अर्धे उडाले.

‘हात टेकवायचा होता ना खाली!’ मी म्हटलं.

‘हात टेकवला असता तं बाजा गेला असता मॅडम.’

दुसऱ्या एका दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं की उरलेले अर्धे दात कोरून वर टोप्या, म्हणजे कॅप, बसवा. बाईंनी ते ऐकून घेतलं नाही. ‘चांगला अर्धा दात हाये, तो कायले कापायचा?’ त्यांनी ठरवलं, तुटलेला भाग सिमेंटनंच घडवायचा. पण क्लॅरनेटवाल्याचा दात नुसता दिसायला नसतो. वाद्याचं तोंड खालून ओठावर आणि वरून याच दोन दातांवर टेकतं. दाताची कड केसभर लांब झाली किंवा तिरकी झाली, तर पकड सुटते. बाईंनी मास्तरांना सांगितलं, बाजा घेऊन या.

मग जे झालं ते मी विसरणार नाही. बाई थर देणार, निळा लाइट मारणार, कड घासणार आणि म्हणणार, ‘वाजवा.’ मास्तर खुर्चीत उठून बसणार, वाजवणार. बाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकावणार. ‘वरच्या सुरात सरकून राह्यलं बाई.’ पुन्हा आडवे. पुन्हा घासणं. ‘वाजवा.’ दोन-तीन दिवस हेच. दाढदुखीनं गाल धरून बसलेला एक माणूस म्हणाला, ‘दवाखान्यात वरात निघून राह्यली, आमचा नंबर कवा?’ बाईंनी त्याला सांगितलं, ‘तुमी नाचा तोवर.’ शेवटी मास्तरांनी एक लांब सूर धरला आणि तो कुठेच फाटला नाही. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी आरसा दिला, तो त्यांनी पाहिलाही नाही. मग वाक्य पाठ करून घेतलं. मास्तर सुरात राहणारा माणूस, एका दमात म्हटलं.

तो दिवस चांगला होता. एवढाच एक मी बाईंना फुकट देते.

पुढच्या वर्षी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं शिबिर लागलं, गावोगावी, मोफत दंत सफाई. मंडप, फ्लेक्स, सत्कार, नाश्ता, आणि एका ओळीत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून कुठून कुठून आणलेले नवे डॉक्टर. मास्तर सत्काराच्या वेळी वाजवायला गेले होते. वाजवून झाल्यावर कोणीतरी म्हटलं, मास्तर, तुम्हीही बसा, फुकट आहे. ते बसले.

त्यानंतर काही महिन्यांनी ते आमच्याकडे आले ते ऐन लग्नसराईत, भर दुपारी, डोक्याला दुपट्टा बांधून. वर्ध्याच्या त्या उन्हात कुत्रंही बाहेर पडत नाही. एका दाताची कड उडाली होती, दुसऱ्याचा सांधा काळा पडला होता. आदल्या दिवशी पुलगावच्या वरातीत वाजवता वाजवता टवका जिभेवर आला होता. बँडमालकानं सांगून टाकलं होतं, दोन दिवसात नीट नाही झालं तर कॅसिओवाला पोट्टा ठेवतो. मास्तरांच्या घरी दुसरं कमावणारं कोणी नाही. क्लॅरनेट गेलं तर त्या वयात त्यांनी झांजा वाजवायच्या, नाहीतर डोक्यावर दिवे घेऊन चालायचं.

आणि बाईंनी काय करावं? बाईंनी त्यांच्यावर आवाज चढवला.

‘मशीन लावू दिली? वाक्य काऊन नाई म्हटलं? कायले शिकवलं होतं मी?’

मास्तर खाली पाहत होते. मग हळूच म्हणाले, ‘म्हटलं ना बाई. दोनदा म्हटलं. थे हासले. म्हणे, काका, तुमी डॉक्टर का आमी डॉक्टर? म्हणे, इथं काई भरलेलं दिसत नाई.’

बाई हातातलं झटकन ट्रेमध्ये टाकून खिडकीशी गेल्या. मला त्या वेळी त्यांची दया आली असं म्हणता येईल, पण खरं सांगू? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती त्या हसणाऱ्यांवर होती तेवढीच बाईंवर होती. बँडमधल्या माणसाच्या तोंडात वाक्य घालून काय होतं? त्याचं ऐकून घेणारा समोर नको? सगळ्या डॉक्टरांना चार शब्द समजावायचे, त्यांच्या सभेला जायचं, ते बाईंना जमलं नसतं, कारण तिथे सगळ्यांशी त्यांचं भांडण. म्हणून सगळं ओझं पेशंटच्या जिभेवर.

शिबिराचा फेरा तेव्हाही गावोगाव चालूच होता, त्या आठवड्यात सेवाग्रामकडच्या एका गावात. बाई म्हणाल्या, ‘स्कूटी काढ.’ त्यांनी चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळला, उन्हाळ्यात आपल्याकडे सगळ्याच बाया गुंडाळतात तसा, आणि माझ्या मागे बसल्या. मंडपात लाइन होती. लाइनीत उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा स्कार्फ नाकाखाली ओढून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, ‘बापू, माह्या समोरचा दात भरेल आहे. त्याले मशीन जपून लावजो.’

डॉक्टर माझ्याच वयाचा होता. घामानं भिजलेला. त्यानं टॉर्च मारला. ‘आजी, काही नाही भरलेलं. चांगला आहे दात.’

‘दिसत नाई म्हणूनच सांगून राह्यली ना, बाप्पा.’

‘बरं बरं, आ करा.’ आणि त्यानं मशीन सुरू केलं. जोर पूर्ण. टोक उभं.

मी बाजूला उभी होते, मला वाटलं आता बाई ओरडणार. बाई ओरडल्या नाहीत. बाईंनी दात मिटले. त्याच्या बोटावर.

काय बोंब झाली! मंडपातली सगळी माणसं गोळा. बाई खुर्चीतून उठल्या, स्कार्फ सोडला, आणि अर्ध्या गावानं ओळखलं, ‘अरे, ह्या तं नाक्यावरच्या बाई!’ आयोजकांपैकी एक जण पुढे आला, गळ्यात बिल्ला. ‘बाई, मोफत सेवा आहे ही. तुमचं गिऱ्हाईक कमी होते म्हणून पोट दुखून राह्यलं का?’

‘मोफत म्हणून काय माणसाच्या तोंडात नांगर घालता? उद्या मोफत डोळे काढान!’

तो पोरगा डॉक्टर बोट धरून उभा होता. चांगला होता बिचारा, खोटं कशाला बोलू. म्हणाला, ‘मॅडम, मला माहीत आहे कसं करायचं. पण ही लाइन पाहा. मागून ओरडतात, लवकर उरका, फोटो व्हायचे आहेत. कोणाचा दात कापसानं तपासत बसू?’

बाईंनी स्कार्फ पुन्हा गुंडाळला आणि स्कूटीकडे निघाल्या. मला त्या सगळ्या प्रकाराचा संताप आजही येतो. गर्दी जमवायची, मशीन फिरवायचं, आकडा फ्लेक्सवर छापायचा. कोणाच्या तोंडात काय मोडलं ते पाहायला परत कोणी येत नाही. फुकट ते पौष्टिक म्हणून माणसं बसतात, आणि मोडलं की म्हणतात, आपलंच नशीब.

बाईंनी मास्तरांचे दात पुन्हा घडवले. पहिल्यापेक्षा चांगले. मालकानं कॅसिओवाल्याला परत पाठवलं. इथे गोष्ट संपली असती तर मीही आज बाकीच्यांसारखी ओठ वर करून ‘काय हात होता’ म्हणत फिरले असते. पण काम झाल्यावर बाईंनी मास्तरांना वाक्य म्हणायला लावलं नाही. त्या म्हणाल्या, ‘आता बोलायचंच नाई कोणाशी. माझ्याशिवाय कोणापुढे तोंड उघडायचं नाही. कोणी कितीही मोठा डॉक्टर असो. शपथ घ्या.’

मास्तरांनी क्लॅरनेटवर हात ठेवला. ‘हाव बाई. शपथ.’

मी तिथेच म्हटलं, ‘बाई, असं सांगू नका. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं, शुगर आहे त्यांना. सफाई नियमित लागणार.’

‘मी करते ना हातानं. तू मधे बोलू नको.’

करायच्या. वर्ध्यात होत्या तोवर करायच्या. दर थोड्या महिन्यांनी मास्तर यायचे, बाई हातानं अलगद साफ करायच्या, पॉलिश करायच्या, आणि मला जवळ फिरकू द्यायच्या नाहीत. मग बाईंचे डोळे अधू झाले. मुलगा पुण्याला, तो येऊन घेऊन गेला. दवाखाना मी चालवायला घेतला. पाटी बदलली, खुर्ची बदलली, मशीन नवं घेतलं, बारीक जोरावर चालणारं. बाईंनी जाताना सगळ्यांना सांगितलं, हिच्याकडे या. सगळ्यांना. मास्तरांना सांगायचं राहिलं म्हणायचं का सांगितलंच नाही म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

मास्तर यायचे. बाकावर बसायचे. ‘बाई कवा येतेत?’ विचारायचे, चहा प्यायचे, निघायचे.

‘मास्तर, बसा खुर्चीत. नुसतं पाहते. मशीन हातातही घेत नाही.’

‘नको मॅडम. शपथ आहे.’

‘अहो, ती बाईंनी रागात घातली. मी त्यांचीच शिष्य आहे ना?’

‘तुमी आहाच ना. पण त्याईनं सांगतलं पायजे.’

मी पुण्याला फोन केला. म्हटलं, बाई, मास्तरांना एक फोन करा. एवढंच म्हणा, हिला दाखवा. बाईंनी काय केलं? माझी तोंडी परीक्षा घेतली! जोर किती ठेवशील, टोक कसं धरशील, पॉलिश कशानं करशील. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, ‘सांगतेस बरोबर. पण हात अजून जड आहे तुझा. मी येते दिवाळीला. मीच करते त्याचं.’

दिवाळी झाली. बाई आल्या नाहीत. होळीला येते म्हणाल्या. मग डोळ्याचं ऑपरेशन. मग नातवाची मुंज. मी दर वेळी फोन केला आणि दर वेळी तेच, त्याला म्हणावं ब्रश नीट कर, मी येतेच आहे. हात जड! अख्ख्या गावाचे दात त्यांनी माझ्या या जड हातात देऊन टाकले, पण आपलं एक काम दिलं नाही. कारण ते त्यांचं सगळ्यात चांगलं काम होतं. माणूस नव्हता तो त्यांच्या डोळ्यापुढे, दोन दात होते. हे मी त्यांना फोनवर बोलले सुद्धा. त्यांनी फोन ठेवला. वर्षामागून वर्षं अशी गेली.

या लग्नसराईत मास्तर आले. सकाळची वेळ, दवाखाना नुकताच उघडला होता. तोंडावर हात धरला होता. दुसऱ्या हातात रुमालाची घडी. ती त्यांनी माझ्या टेबलावर सोडली. आत दात. पूर्ण दात, मुळासकट, पुढचा. आदल्या संध्याकाळी हळदीच्या घरी वाजवताना क्लॅरनेटच्या तोंडाबरोबर बाहेर आला होता. ना मार, ना धक्का. हिरडी सुजून सुजून, हाड झिजून झिजून सुटला होता.

मी उचलून उजेडात धरला. मुळावर खड्याचा काळा जाड थर. आणि वर, अर्ध्यापासून कडेपर्यंत, बाईंचं सिमेंट. चकचकीत. ओरखडा नाही, डाग नाही, सांधा कुठे आहे ते नख फिरवूनही कळेना.

‘बाजूचा कसा आहे?’ मी विचारलं.

‘थो बी डुलून राह्यला.’ हाताआडून मास्तर म्हणाले. ‘पण वाजवता येते मॅडम, एका दातावर. थोडं तिरपं धरा लागते. थो राह्यला तं जमते.’

‘तोंड उघडा. मला पाहू द्या. आत्ता साफ करायला घेतलं तर तो वाचू शकतो.’

मास्तरांनी मान हलवली. ‘बाईले इचारा पयले.’

मला वाटलं, आपण आता किंचाळणार. दात टेबलावर पडलेला, दुसरा जायला टेकलेला, पोट ज्याच्यावर चालतं ते क्लॅरनेट एका डुलत्या दातावर लटकलेलं, आणि हा माणूस शपथ पाळून राहिलाय! मी फोन लावला. स्पीकरवर टाकला आणि टेबलावर आपटला.

‘बाई, मास्तर आलेत.’

‘अरे वा!’ बाईंचा आवाज बारीक झाला होता. ‘कसे आहेत दात? कडा पाहिल्या का?’

मी काही बोलायच्या आत मास्तर फोनवर वाकले. ‘टकाटक आहे बाई. तुमचं काम काईच नाई हाललं. कोणाले हात नाई लावू देला.’

‘शाब्बास,’ बाई म्हणाल्या. खूश झाल्या होत्या. ‘मला माहीत होतं. रंग तसाच आहे ना गं?’

‘बाई,’ मी म्हटलं, ‘दात माझ्या हातात आहे. मुळासकट निघून आलाय. तुमचं भरणं शाबूत आहे, रंगही तसाच आहे. हिरडी राहिली नाही. दुसरा दात हलतोय आणि ते मला तोंड दाखवत नाहीत. तुम्हाला विचारा म्हणतात.’

तिकडे टीव्ही चालू होता. तो कोणीतरी बंद केला. मी वाट पाहिली नाही. म्हटलं, ‘मी किती फोन केले बाई? एक शब्द मागत होते तुम्हाला. दात नाही, पैसा नाही, एक शब्द. तुम्हाला माझा हात जड वाटला. आता बोला.’

मास्तर मला खूण करत होते, गप बसा, बाईले असं बोलू नका. मी फोन त्यांच्याकडे सरकवला.

‘मास्तर,’ बाईंनी हाक मारली.

‘जी, बाई.’

‘हिच्यापुढे तोंड उघडा.’

मास्तरांनी चपला काढल्या, खुर्चीत मागे रेलले आणि आ केला. इतकं सोपं होतं ते.